'धाडकन', 'धडाधड' आणि 'धडधड': नादशब्द कसे निवडायचे?

प्रश्न थोडक्यात असा. इंग्रजीतल्या एका चित्रकथेचा मराठी अनुवाद चालू आहे. चौकटीचौकटीत 'बँग', 'स्प्लॅश', 'क्रंच', 'स्निफ' असे आवाज मोठ्या अक्षरांत छापलेले आहेत. त्यांना मराठी शब्द कुठून आणायचे? आणि जोडीला दुसरी शंका: मोठ्यांसाठी लिहिताना असे शब्द पोरकट दिसतात म्हणून टाळावेत, असं शिकवलं गेलंय, ते बरोबर आहे का?

मी बरीच वर्षं मुलांच्या पुस्तकांचे अनुवाद तपासते आणि मधूनमधून पाककृतींची पुस्तकंही माझ्या हाताखालून जातात. या दोन्ही कामांत नादशब्दांशी रोजची गाठ असते. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी दुसरी शंका, कारण ती बाजूला सारल्याशिवाय पहिली सुटत नाही. पोरकटपणाचा आरोप मला अजिबात मान्य नाही. उद्याचं वर्तमानपत्र उघडा. 'दरवाढीचा फटका', 'थंडीचा कडाका', 'उन्हाचा चटका', 'अवकाळीचा तडाखा', 'महागाईचा भडका', 'दणदणीत विजय', 'घसघशीत वाढ', 'राजकीय वर्तुळात खळबळ'. हे सगळे शब्द आवाजातून आलेले आहेत. फट, कड, चट, तड, भड या मुळांना 'का', 'खा' लागले आणि मथळे तयार झाले. खळबळ तर पाण्याची. ती राजकारणात उडायला लागली आणि पाणी कोणाच्या लक्षातही राहिलं नाही. पोलिसांच्या कागदपत्रांत 'झटापट' होते, औषधाच्या जाहिरातीत 'छातीत जळजळ' असते. यातलं काय पोरकट आहे? हे शब्द काढून टाकले तर मराठी वृत्तसंपादकाला पहिल्या पानाचे मथळे देता येणार नाहीत.

गैरसमज शाळेतून येतो असं माझं मत आहे. व्याकरणाच्या पुस्तकात अभ्यस्त शब्दांचे तीन प्रकार असतात: पूर्णाभ्यस्त, अंशाभ्यस्त आणि अनुकरणवाचक. तिसऱ्याखाली कडकड, वटवट, फडफड अशी एक ओळ असते. शेजारच्या पानावर वाघाची डरकाळी, घोड्याचं खिंकाळणं, मोराचा केकारव यांची जोड्या जुळवायची यादी. एका मार्काचा प्रश्न, पाठ करा आणि सोडून द्या. या शब्दांच्या आत एक नीट बसवलेली यंत्रणा आहे, हे कोणी सांगत नाही. ती आधी पाहू.

'खट' हे मूळ घ्या. 'खटकन' म्हणजे एकदाच आणि अचानक: कडी खटकन लागली. 'खटखट' म्हणजे पुन्हापुन्हा, पण एका लयीत: टाइपरायटरची खटखट. 'खटाखट' म्हणजे पुन्हापुन्हा, वेगाने आणि एकामागून एक वेगवेगळ्या गोष्टींवर: तिने सगळ्या खिडक्या खटाखट लावून घेतल्या. 'खटखटाट' म्हणजे भोवती भरून राहिलेला गोंगाट. मग 'खटका': बंदुकीचा खटका, आणि दोघांत उडतात ते खटके. मग 'खटकणे', ज्यात आवाजाचा मागमूसही नाही. एखादी गोष्ट नुसती मनाला खटकते. मधला एक 'आ' आला तर वेग बदलतो, 'कन' लागलं तर संख्या बदलते, 'आट' लागला तर जागा भरून जाते. इंग्रजीला यासाठी वेगवेगळी क्रियापदं आणि क्रियाविशेषणं जमवावी लागतात. आपण एका मुळाला प्रत्यय लावून मोकळे होतो.

प्रत्येक मूळ प्रत्येक खोबणीत बसत नाही, आणि का बसत नाही तेही बघण्यासारखं आहे. रिमझिम पाऊस आहे, पण 'रिमकन' असं काही नाही, कारण रिमझिमीला एकटा असा क्षणच नसतो. उलट 'खुदकन' हसू येतं आणि 'खुदुखुदु'ही येतं, कारण हसू क्षणाचंही असतं आणि टिकणारंही. तेव्हा नवा शब्द बनवायचा मोह झाला तर आधी विचारावं, ही घटना एका क्षणात संपते की चालू राहते? उत्तर चुकलं तर शब्द कानाला लागतोच.

प्रत्ययांचा एक जुना खजिना मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशात सापडतो. कोश १८३१ सालचा, सुधारलेली आवृत्ती १८५७ची. त्यात अशा नोंदींपुढे वारंवार चार शेपट्या दिलेल्या दिसतात: कन, कर, दिनी, दिशी. म्हणजे त्या काळी खटकन, खटकर, खटदिनी, खटदिशी असे चारही पर्याय होते. आज प्रमाण भाषेत 'कन' जिंकलं आहे. 'दिशी' गावाकडच्या बोलण्यात धडधाकट आहे: 'धाडदिशी पडला', 'फाडदिशी बोलला'. अनुवाद करताना हा फरक उपयोगी पडतो. शहरातल्या निवेदकाच्या तोंडी 'धाडदिशी' आलं तर खटकतं. पण पात्र गावातलं असेल तर तिथे 'धाडकन' लिहून त्याची बोली पुसू नका.

आता अक्षरं. बांगड्यांची किणकिण, नाण्यांची खणखण, देवळातल्या घंटेची घणघण. क, ख, घ अशी पायरी चढत गेलं की वस्तू मोठी आणि जड होत जाते. स्वरांचंही तसंच. टिकटिक, टिपटिप, मिणमिण, चिवचिव, किलबिल: 'इ'चे शब्द बारीक, पातळ. दुडुदुडु, लुटुलुटु, तुरुतुरु, खुदुखुदु: 'उ'चे शब्द लहानगे आणि लाडके. 'आ' आला की वजन येतं. 'धडकन'पेक्षा 'धाडकन' जोरात. हा नियम म्हणून पाठ करू नका, अपवाद पुष्कळ आहेत. 'हुडहुडी' लाडकी नसते आणि 'घुमणे' लहान नसतं. पण दोन शब्दांत अडलात तर कल कुठे आहे ते इथून कळतं.

शेवटच्या जोडाक्षराकडे मात्र नेहमी लक्ष द्या, कारण आवाज कसा संपला ते तिथे लिहिलेलं असतं. 'खट्ट' जागीच तुटतो. 'चर्र', 'टर्र', 'भुर्र', 'सर्र' घासत, लांबत जातात. 'फुस्स', 'धस्स' यांतून हवा निघून गेलेली असते. म्हणून नव्या कोऱ्या नोटेचा तुकडा टर्रकन फाटतो आणि फुग्याचं फुस्स होतं. उलट करून पाहा, जमणार नाही. 'पोटात धस्स झालं' आणि 'काळजात चर्र झालं' हे दोन वाक्प्रचार अनुवादक सर्रास अदलाबदल करतात. करू नयेत. धस्स होतं ते भीतीने, पायाखालची जमीन गेल्यासारखं, एका झटक्यात. चर्र होतं ते दुसऱ्याचं दुःख पाहून, चटका बसल्यासारखं, आणि ते मागे रेंगाळतं.

हे सगळं आजचं नाही. प्राचीन भाषापंडित यास्काने शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या 'निरुक्त' या संस्कृत ग्रंथात 'काक' हे नाव कावळ्याच्या ओरडण्यावरून पडलं असं म्हटलंय आणि पक्ष्यांच्या बाबतीत असं बऱ्याचदा होतं, अशी पुस्तीही जोडली आहे. लगेच पुढे औपमन्यव या दुसऱ्या पंडिताचं उलट मतही नोंदवलंय, की अशी ध्वनीची नक्कल नसतेच. म्हणजे वाददेखील तेवढाच जुना! यास्काची बाजू घ्यायची तर मराठी पुरावे भरपूर आहेत. टिटवी स्वतःचंच नाव ओरडत फिरते. तांबट पक्षी भांड्यावर हातोडी पडावी तसा ठोके देतो, म्हणून तांबट. पावशा 'पेर्ते व्हा, पेर्ते व्हा' म्हणतो असं शेतकऱ्याला ऐकू येतं; तिथे तर नक्कल करता करता पक्ष्याच्या तोंडी शेतीचा सल्लाच घातला आहे.

पाणिनीने अशा नकलेसाठी 'अव्यक्तानुकरण' (अस्पष्ट आवाजाचं अनुकरण) हा शब्द वापरला आणि 'पटपटाकरोति' (पटपट असा आवाज करतो) सारखी रूपं बनवायचं सूत्र दिलं. मराठीत हेच 'पटपट' आता 'लवकर' या अर्थाने राहिलंय. 'पटपट आवर' म्हणताना कसलाही पट-पट आवाज अभिप्रेत नसतो. बर्कलीचे भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांनी १९६९ साली एका लेखात दाखवलं, की अशा नादशब्दांची रेलचेल आणि त्यांची घडण ही द्राविडी आणि आर्य, दोन्ही कुळांतल्या भारतीय भाषांची सामाईक मालमत्ता आहे. कानडी किंवा तेलुगू शेजाऱ्याशी बोलताना ज्यांनी कान उघडे ठेवलेत त्यांना यात नवल वाटणार नाही.

मराठी नादशब्दाचा खरा कस लागतो तो आवाज नसलेल्या जागी. 'किर्र' हा रातकिड्यांचा आवाज. पण आपण 'किर्र काळोख' म्हणतो, 'किर्र रान' म्हणतो. कानाने ऐकलेलं डोळ्याला लावलं. रस्त्यावर चिटपाखरू नसेल तर 'शुकशुकाट' असतो. शांततेलाच आवाजाचं नाव. भात 'फडफडीत' असतो, म्हणजे शीत न् शीत मोकळं. कुठल्याही भाताने आजवर फडफड केलेली नाही. नाणं वाजवून पाहावं तशी तब्येत 'ठणठणीत' असते आणि त्याच मुळाचा 'ठणठणाट' झाला की घरात काही उरलेलं नसतं. तारे लुकलुकतात, दिवा मिणमिणतो, आग ढणाढणा पेटते.

आणि दुखणं! डॉक्टरांपुढे बसलेला मराठी माणूस जे सांगतो ते ऐका. गळू ठसठसतं. दात ठणकतो. कमरेतून सणक जाते. खरचटलेलं चुरचुरतं. घसा खवखवतो. पोटात मळमळतं, गुडगुडतं. डोकं भणभणतं, डोळ्यांपुढे गरगरतं, पायाला झिणझिण्या येतात, अंग तापाने फणफणतं. प्रत्येक शब्दाचं दुखणं वेगळं आहे, आणि ते सांगायला 'तीव्र' किंवा 'सौम्य' लागत नाही. आरोग्यविषयक माहितीपत्रकांत 'धडधडणाऱ्या स्वरूपाची वेदना' असलं काही वाचलं की मला कळतं, लिहिणाऱ्याने इंग्रजी वाक्य समोर ठेवलं होतं. वेदना धडधडत नाही, छाती धडधडते. वेदना ठसठसते.

स्वयंपाकात तर हे शब्द मोजमापाचं काम करतात. 'मोहरी तडतडली की हिंग घाला.' या वाक्यात ना तापमान आहे ना वेळ, पण फोडणी चुकत नाही. मोहरी तडतडायच्या आधी घातलेलं हिंग कच्चं राहतं आणि तडतड थांबेपर्यंत थांबलात तर मोहरी करपते. पुढे आमटी रटरटते, पिठलं खदखदतं, दूध फसफसून वर येतं. यांतला फरक पातळ-घट्टपणाचा आहे. बुडबुडा किती जाड थरातून वर येतो आणि कसा फुटतो त्यावर शब्द ठरतो. एका हस्तलिखितात पिठल्याच्या कृतीत 'मिश्रणाला उकळी आणा' असं होतं. पिठल्याला पाण्यासारखी उकळी येत नाही. 'खदखदू लागलं की झाकण ठेवा' असं केलं, आणि झाकण का ठेवायचं तेही आपोआप कळलं, कारण खदखदणारी वस्तू हातावर उडते.

खाण्याच्या पोताचंही असंच. इंग्रजी 'क्रिस्पी' दिसला की अनुवादक डोळे मिटून 'कुरकुरीत' लिहितात. भजी कुरकुरीत, हे ठीक. पण करंजी खुसखुशीत असते, कुरकुरीत करंजी म्हणजे बिघडलेली करंजी. पुरणपोळी लुसलुशीत, भेंडी नीट परतली नाही तर बुळबुळीत, मिसळ झणझणीत आणि मीठ-तिखट विसरलं की भाजी मिळमिळीत. 'ईत' लागला की आवाजाचा गुण होतो, आणि त्या गुणात चव, स्पर्श, कौतुक, नापसंती सगळं सामावतं.

नापसंतीचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण अनुवाद इथेच सगळ्यात जास्त फसतो. मराठी नादशब्द तटस्थ नसतो. तो बोलणाऱ्याचं मत सोबत घेऊन येतो. पाऊस रिमझिम पडतो तेव्हा बोलणारा खूश आहे. तोच पाऊस, तेवढाच, रिपरिप पडत असेल तर त्याचे कपडे वाळलेले नाहीत. पिरपिर म्हटलं की तो वैतागलाच आहे. हसण्याचं पाहा. बाळ खुदकन हसतं. माणूस खळखळून हसला तर बरा वाटतो. पोरं खिदळतात, त्यात थोडी तक्रार आहे. फिदीफिदी हसणाऱ्याचा आपल्याला राग आलेला असतो आणि खदाखदा हसणारा असंस्कृत ठरलेला असतो. 'नायिका फिदीफिदी हसली' हे वाक्य मी एका प्रेमकथेच्या अनुवादात वाचलं आहे. इंग्रजीत ती नुसती लाजून हसत होती. मराठीत प्रेमकथा तिथेच आटोपली.

चालण्याचंही मत असतं. मूल दुडुदुडु धावतं, छोटं कुत्रं लुटुलुटु मागे येतं, चिमुरडी तुरुतुरु चालते, घाईतला माणूस झपाझप जातो, रागावलेला तरातरा किंवा ताडताड निघून जातो. 'तो अतिशय संतापून वेगाने पावलं टाकत तिथून निघून गेला' याऐवजी 'तो ताडताड निघून गेला' लिहून पाहा. संताप, वेग, पावलं, सगळं आलं. याचीच दुसरी बाजू अशी, की नादशब्द घेतल्यावर त्याचं काम दुसऱ्याला देऊ नये. 'तिने दार जोरात धाडकन आपटलं' यातलं 'जोरात' काढा. 'ती हळू आवाजात स्वतःशीच पुटपुटली' यातलं 'हळू आवाजात' जाऊ द्या आणि 'स्वतःशीच'ही जाऊ द्या. पुटपुटणं दुसऱ्याशी मोठ्याने करता येत नाही.

जोड्या ठरलेल्या आहेत आणि त्या मोडायला धाडस लागतं. रडायचं ते ढसाढसा किंवा मुसुमुसु, अश्रू घळाघळा, प्यायचं गटागटा, गिळायचं मटामटा, कागद टराटरा फाडायचा, अंग खसाखसा घासायचं, वार सपासप, फळं बदाबदा पडतात, बघायचं टकामका, कापायचं चळाचळा, दात कराकरा खायचे, भांडायचं कचाकचा, आणि इंग्रजी बोलायचं फाडफाड. (मराठी फाडफाड बोलल्याचं कोणी सांगत नाही. आपली मातृभाषा आपण नुसतीच बोलतो.) जोडीतला एक बदलला तर वाचक थांबतो. विनोदासाठी मुद्दाम बदललात तर उत्तम. नकळत बदललात तर तो अनुवादाचा वास.

हिंदीच्या शेजाराचा इशाराही द्यायला हवा, कारण हल्ली बऱ्याच चित्रकथा आणि कार्टून हिंदीमार्गे मराठीत येतात. हिंदीतलं 'बडबडाना' म्हणजे आपलं पुटपुटणं; आपलं बडबडणं म्हणजे भरमसाट बोलणं. अर्थ जवळपास उलटा! 'फुसफुसाना' म्हणजे कुजबुजणं. घोडा मराठीत हिनहिनत नाही, खिंकाळतो. तारे टिमटिमत नाहीत, लुकलुकतात. बाळाच्या हातात झुनझुना नसतो, खुळखुळा असतो. दार 'खटखटावलं' असं आता सर्रास छापून येतं. आपलं दार ठोठावतात, नाहीतर त्यावर टकटक करतात. हे सगळे शब्द हिंदीत गोड आहेत, तक्रार त्यांच्याबद्दल नाही.

एक गोष्ट मान्य करू या, की नक्कल ही नक्कल कमी आणि करार जास्त असते. कोंबडा सगळीकडे तोच. पण मराठीत कुकूच कू, जर्मनीत किकेरिकी, फ्रान्सात कोकोरिको, जपानात कोकेकोक्को. जपानी कुत्रा 'वान वान' करतो, आपला 'भो भो'. परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलाला घरी एक कोंबडा आणि शाळेत दुसरा भेटतो आणि त्याची काही तक्रार नसते. म्हणून इंग्रजी आवाज देवनागरीत तसाच उतरवून ठेवणं हा मला आळस वाटतो. 'वूफ' लिहिलंत तर कुत्रा इंग्रज राहतो. गोष्ट इंग्लंडातलीच असेल तर तेही एक वेळ चालेल, पण मग ठरवून करा आणि पुस्तकभर तसंच ठेवा.

करार एकदा झाला की मूळ आवाज गेला तरी शब्द राहतो. झुकझुकगाडी हे वाफेच्या इंजिनाचं नाव. मुंबई-पुणे मार्गावरची दख्खनची राणी १ जून १९३० रोजी धावली ती विजेच्या इंजिनावर, म्हणजे तिने जन्मात कधी झुकझुक केलेली नाही. आजच्या मुलांनी वाफेचं इंजिन पाहिलंय ते बहुधा चित्रात. तरी गाडी झुकझुकच. फटफटी, गुडगुडी, तुणतुणं, भिरभिरं, धबधबा ही सगळी आवाजावरून किंवा हालचालीवरून पडलेली नावं. यातली गुडगुडी घरांतून गेली तरी शब्द वाचताना पाण्यातून येणारा धूर ऐकू येतो.

आता तुमच्या चौकटी. शब्दकोशात 'बँग'चा प्रतिशब्द शोधू नका; चित्रात काय आदळलंय ते बघा. दार असेल तर 'धाड'. जाड पुस्तक जमिनीवर पडलं असेल तर 'धप्प'. बंदूक असेल तर 'ठो' किंवा 'ठाय'. सुतळी बॉम्बसारखा स्फोट असेल तर 'धुडुम'. पितळी पातेलं असेल तर 'ठण्ण', काचेचा पेला असेल तर 'खळ्ळ'. डोकं फळीवर आपटून टेंगूळ आलं असेल तर 'टण्ण'. इंग्रजी लेखकाने सहा ठिकाणी एकच 'बँग' लिहिला असेल तर तुम्हाला सहा वेगळे शब्द लिहावे लागतील, आणि त्यात काही गैर नाही.

'स्प्लॅश'चंही तसंच. विहिरीत खडा टाकला तर 'डुबुक'. मोठ्या पोराने काठावरून उडी मारली तर 'धबाक'. डबक्यात पाय पडला तर 'पचाक', आणि पाण्यात पाय हलवत बसलेल्या मुलीसाठी 'चुबुक चुबुक'. तोंडावर पाणी मारलं असेल तर आवाज लिहूच नका; 'पाण्याचे हबके मारले' यात तो आहे. 'क्रंच' दिसला की आधी दाताखाली काय आहे ते ठरवा. चणे असतील तर 'कुडुम कुडुम', काकडी असेल तर 'कच्च', भातात खडा आला असेल तर तोही कचकनच लागतो, पण तिथे चेहरा वेगळा काढलेला असेल. बुटाखालची खडी 'करकर' वाजते, वाळका पाचोळा 'चुरचुर'.

लेखनाबद्दल थोडं. मराठीत शब्दाच्या शेवटचा उकार एरवी दीर्घ लिहायचा, म्हणून 'हळूहळू'. पण साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांत नादानुकारी शब्दांना सूट दिली आहे: लुटुलुटु, दुडुदुडु, रुणुझुणु हे उच्चाराप्रमाणे ऱ्हस्वच. मुद्रितशोधक कधी कधी हे 'दुरुस्त' करून दीर्घ करतात. त्यांना ठामपणे नियम दाखवा. 'कन' हलन्त, म्हणजे 'न'चा पाय मोडून, लिहायची गरज नाही, 'धाडकन' पुरे. चित्राच्या आत सुटा आवाज असेल तर मात्र जोडाक्षर आणि अवग्रह मोकळेपणाने वापरा: 'धाऽऽड', 'सर्रर्र'. अवग्रह दोनच ठेवा. चार-पाच टाकले की वाचणारं मूल तिथे अडखळतं आणि मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या आजीचा श्वास संपतो. शिरोरेखेमुळे आपली अक्षरं इंग्रजीसारखी सुटी सुटी उडवता येत नाहीत, तेव्हा चित्रकाराला आधीच सांगा, की आवाजासाठी आडवी जागा जास्त सोड.

राहता राहिला 'स्निफ'. रडकं मूल असेल तर 'मुसुमुसु', नाक ओढणारं असेल तर 'सुर्र', वास घेणारा कुत्रा असेल तर 'सूं सूं'. याच जातीचे 'गल्प' आणि 'साय' तुम्हाला पुढच्या पानांवर भेटतील. त्यांच्यासाठी मराठीत तयार सुटा आवाज नाही. आपण आवंढा गिळतो आणि सुस्कारा सोडतो, म्हणजे क्रियापद वापरतो. तिथे ओढूनताणून काही बनवू नका. चौकटीखाली निवेदनाची ओळ असेल तर तिच्यात 'त्याने आवंढा गिळला' असं घाला आणि संवादाच्या फुग्यातला इंग्रजी आवाज पुसून टाका. ओळ नसेल आणि चित्रकाराने गळ्याची घाटी वर-खाली होताना दाखवली असेल, तर फुगा रिकामा गेला तरी चालेल. फक्त प्रकाशकाला तसं लेखी कळवा, नाहीतर छापताना कोणीतरी तिथे 'गल्प' परत टाकतं.